वाचकांचे प्रश्न : फुलझाडांच्या वाफ्यातील माती

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या वाढते, कारण शेवंती, झेंडू आणि अ‍ॅस्टरचे वाफे तयार करण्याचे आणि गुलाबाच्या छाटणीचे दिवस हेच असतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘कोणते खत घालू?’ असा प्रश्न आहे. त्याच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न, म्हणजे आपल्या मातीत मुळात काय आहे आणि काय नाही, हा मात्र फार थोड्यांनी विचारला आहे. म्हणून या अंकासाठी मातीची तपासणी आणि सुधारणा यांविषयीचीच पत्रे निवडली असून, मोठ्या पत्रांतील प्रश्नापुरता मजकूर येथे दिला आहे.

प्रश्न : घरासमोर सुमारे चारशे चौरस फुटांची बाग आहे. माती तपासून घ्यावी म्हणून एका वाफ्यातील थोडी माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत नेली, तेव्हा ‘हा प्रातिनिधिक नमुना नाही’ असे सांगून ती परत देण्यात आली. प्रातिनिधिक नमुना म्हणजे नेमके काय आणि तो घरच्या बागेत कसा घ्यावा?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्याला परत पाठवले गेले याचे वाईट वाटून घेऊ नये, त्या प्रयोगशाळेने आपले हितच केले आहे. प्रत्यक्ष तपासणीसाठी जी माती वापरली जाते ती काही चमचेच असते आणि त्या चमच्यांना आपल्या संपूर्ण बागेच्या वतीने बोलायचे असते. एकाच ठिकाणची माती उचलून नेली आणि तिथे नेमके मागच्या महिन्यात खत पडलेले असले, तर अहवाल अगदी अचूक येऊनही तो आपल्या उपयोगाचा राहत नाही.

बागेत फिरून आधी मातीचे गट पाडावेत. पुढच्या अंगणातील माती काळी आणि मागची मुरमाड असेल, किंवा एका बाजूला झाडे जोमात आणि दुसऱ्या बाजूला खुरटलेली असतील, तर दोन्हींचे नमुने वेगळे घ्यावेत. एका गटात सहा ते आठ जागा निवडाव्यात. खताचा ढीग जिथे असतो ती जागा, मोठ्या झाडाचा बुंधा, कुंपणाची कड, सांडपाणी मुरते तो कोपरा आणि भिंतीलगतची हातभर पट्टी या जागा टाळाव्यात. रासायनिक खत घालून दोन-तीन महिने झालेले असावेत.

निवडलेल्या जागेवरचा पालापाचोळा हाताने बाजूला करावा, मातीचा थर खरवडू नये. तिथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, सुमारे वीस सेंटिमीटर म्हणजे एक वीत खोल खड्डा करावा आणि त्यातली माती काढून टाकावी. नंतर खड्ड्याच्या एका तिरक्या बाजूवरून वरपासून तळापर्यंत दोन बोटे जाडीची सारखी पापडी कापून घ्यावी. ही पापडी हाच खरा नमुना, कारण मुळे ज्या खोलीत वावरतात त्या सर्व खोलीची माती तीत सारख्या प्रमाणात येते. हंगामी फुलांसाठी एवढी खोली पुरते. गुलाब, मोगरा किंवा जास्वंद यांच्यासाठी ती तीस सेंटिमीटर धरावी. जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर गंजलेले खुरपे आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये. प्लास्टिकचे घमेले आणि लाकडी किंवा स्टीलचे खुरपे चांगले.

सगळ्या जागांच्या पापड्या स्वच्छ कापडावर एकत्र करून ढेकळे फोडावीत, खडे आणि मुळ्या वेचाव्यात आणि माती नीट मिसळून तिची गोल चकती करावी. चकतीचे बोटाने चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत, उरलेले दोन पुन्हा मिसळावेत आणि साधारण अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करीत राहावे. ही माती सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरावी; उन्हात किंवा तव्यावर वाळवू नये आणि खताची रिकामी पिशवी तर कधीच वापरू नये. सोबतच्या चिठ्ठीवर नाव-पत्त्याखेरीज नमुन्याची तारीख, खोली, लावलेली झाडे आणि पाणी नळाचे की बोअरचे हे लिहावे.

कृषी विभागाच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठे येथे ही तपासणी होते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगढ येथून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा गोष्टी तपासल्या जातात : सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा), विद्युत वाहकता (क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. योजना शेतकऱ्यांसाठी असली, तरी बागेच्या मातीसाठी मागावी तीही हीच यादी. आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी तिच्यात ‘मुक्त चुनखडी’ ही तेरावी तपासणी आवर्जून जोडून घ्यावी. तिचे महत्त्व पुढच्या पत्रावरून ध्यानात येईल.

प्रश्न : माझ्याकडे गुलाबाची तीस झाडे आहेत. दोन वर्षांपासून नवी पाने पिवळी येतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मी दर तीन महिन्यांनी डीएपी आणि हाडांचे खत घालतो. माती तपासली; अहवाल असा : सामू ८.३, विद्युत वाहकता ०.४२, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुनखडी ९ टक्के, नत्र हेक्टरी १७६ किलो, स्फुरद ४८ किलो, पालाश ५२० किलो, लोह ३.१ आणि जस्त ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). एक जण जिप्सम घालायला सांगतात, दुसरे गंधक घालून सामू सातवर आणा म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अहवाल पाठवल्याबद्दल आपले मनापासून आभार. आपण नुसते ‘पाने पिवळी पडतात’ एवढेच लिहिले असते, तर नत्र, पाणी, कीड असे चार अंदाज बांधून मी आपल्याला चार दिशांना पाठवले असते.

आपल्या गुलाबांवर जो रोग वाटतो आहे त्याला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. लोह झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात सहज जात नाही, म्हणून त्याची उणीव आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. नत्राच्या उणिवेत याउलट खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. उपलब्ध लोह ४.५ पीपीएमपेक्षा आणि जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असेल तर उणीव मानतात. आपल्याकडे दोन्ही कमी आहेत. सह्याद्रीच्या बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह पुष्कळ असते, हे खरे आहे. मात्र सामू ८.३ असताना आणि चुनखडी भरपूर असताना ते न विरघळणाऱ्या रूपात राहते आणि मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेले असून किल्ली हरवावी तशी ही स्थिती आहे.

आता गंधकाचा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर वाफ्यात वीतभर खोलीपर्यंत सुमारे २६० किलो माती असते. त्यात ९ टक्के चुनखडी म्हणजे तेवीस किलोंहून अधिक चुना झाला. शंभर किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे आपल्या वाफ्यात दर चौरस मीटरला साडेसात किलो गंधक ओतावे लागेल आणि त्यानंतर कुठे सामू मनासारखा उतरू लागेल. एवढे गंधक घालणे परवडणारे नाही आणि झाडांना सोसणारेही नाही. मूठ-दोन मुठी गंधक कुजलेल्या खतात मिसळून मुळांच्या जवळ दिल्यास तेवढ्या जागेत जिवाणूंच्या क्रियेने थोडी आम्लता तयार होते आणि त्याचा काही काळ उपयोग होतो. परंतु ‘सामू सातवर आणा’ हा सल्ला आपल्या मातीसाठी सोडून द्यावा. जिप्समचे काम वेगळे आहे. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, त्याला हटवून त्याच्या जागी कॅल्शियम बसवण्यासाठी जिप्सम घालतात. आपल्या मातीत कॅल्शियम आधीच मुबलक आहे आणि अहवालात चोपणपणाची खूण दिसत नाही, म्हणून त्यावर खर्च करू नये.

अहवालातील किलो हेक्टरी आकडे पाहून बागेचे मालक गोंधळतात. त्याची रीत सोपी आहे : त्या आकड्याला दहाने भागले की दर चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात. आपला १७६ किलो नत्र म्हणजे चौरस मीटरला सुमारे साडेसतरा ग्रॅम. हेक्टरी २८० किलोंच्या खाली नत्र कमी समजतात, तेव्हा तो कमी आहे. पालाश ५२० किलो म्हणजे भरपूर आहे. काळ्या मातीत तो बहुधा असतोच. मला चिंता वाटते ती स्फुरदाची. २५ किलोंच्या वर स्फुरद जास्त समजतात आणि आपल्याकडे तो ४८ आहे. दर तीन महिन्यांनी घातलेल्या डीएपीतला स्फुरद तिथे साठला आहे. स्फुरद प्रमाणाबाहेर झाला की झाडाला जस्त आणि लोह घेणे आणखी कठीण होते, म्हणजे ज्या खताने आपण झाडाची सेवा करीत होता त्यानेच केवडा वाढवला. हाडांचे खत तर इतक्या सामूला फारसे विरघळतच नाही. डीएपी आणि हाडांचे खत दोन्ही आजपासून बंद करावीत. निदान दोन वर्षे स्फुरद घालू नये.

तातडीचा उपाय म्हणून दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवावे, २५ ग्रॅम चुना वेगळ्या पाण्यात भिजवून गाळून त्यात मिसळावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी फवारणी करावी. ती दर आठ-दहा दिवसांनी दोन-तीनदा करावी लागेल. फवारलेले पान हिरवे होईल, पण पुढचे पान पुन्हा पिवळट येईल, कारण मूळ अडचण मातीतच आहे. मातीतून लोह द्यायचे असल्यास चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह, घ्यावे. मात्र वेष्टनावर ‘ईडीडीएचए’ असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. बाजारात सहज मिळणारे ‘ईडीटीए’ प्रकारचे चिलेट आपल्या सामूला टिकत नाही आणि घातलेले लोह पुन्हा अडकून बसते. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो, त्यामुळे स्वस्त पुडी घेण्याचा मोह होतो; ती फवारणीला चालेल, मातीत घालायला चालणार नाही.

या सर्वांहून महत्त्वाचा आकडा आहे तो सेंद्रिय कर्बाचा. ०.४० टक्क्यांच्या खालची माती उपाशीच म्हणावी लागते. चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचा दोन इंचांचा थर, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण पन्नास लिटर, वाफ्यावर पसरून वरच्या चार-पाच इंचांत हलक्या हाताने मिसळावा आणि वर पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. हे छाटणीच्या वेळी एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा करावे. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील आम्ले लोह आणि जस्त यांना धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोहोचवतात, शिवाय आपल्याला कमी पडणारा नत्रही त्यातूनच हळूहळू मिळत राहतो. शेणखत कच्चे असू नये, एवढे मात्र पाहावे. मूठभर हातात घेऊन हुंगावे : शेणाचा वास येत असेल किंवा ढीग आतून ऊन लागत असेल तर ते तयार नाही. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या पांढऱ्या, वळलेल्या अळ्या वाफ्यात येतात आणि त्या गुलाबाची मुळे खातात.

आपण पाणी कुठले देता हे लिहिलेले नाही. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातील बायकार्बोनेटमुळे केवडा वाढतो, आणि माती सतत ओली राहिली तरीही वाढतो. पावसाचे पाणी साठवता आले तर ते गुलाबांसाठी राखून ठेवावे.

प्रश्न : आमची माती काळी, भारी आहे. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. शेवंती दरवर्षी मुळाशी कुजते. शेजारी सांगतात की दोन-तीन गोणी वाळू मिसळा, माती हलकी होईल. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपा करून वाळू मिसळू नये. हा सल्ला अगदी सद्भावनेने दिला जातो आणि त्यामुळे आजवर अनेक वाफे बिघडले आहेत. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही लहान असतो. दोन-तीन गोण्यांनी वाळूचे दाणे एकमेकांपासून दूर दूर पडतात, त्यांच्या मधली सगळी जागा चिकणमाती भरून काढते आणि वाळल्यावर वाफा विटेसारखा घट्ट होतो. वाळूचा गुण यायचा तर मातीच्या निम्म्याहून अधिक वाळू घालावी लागेल, म्हणजे ती माती आपली राहणारच नाही.

आपल्या मातीत चिकणमाती किती आहे हे घरी पाहता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळवून बारीक केलेली माती घ्यावी, चमचाभर कपड्यांची साबण-पूड टाकून बरणी पाण्याने भरावी, पाच मिनिटे जोरात हलवावी आणि खिडकीत ठेवून द्यावी. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. तिथे बरणीवर रेघ मारावी. दोन तासांनी तिच्यावर जो मऊ थर चढलेला दिसतो तो पोयटा. दुसरी रेघ तिथे. उरलेले पाणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत गढूळच राहते आणि मग हळूहळू जो गुळगुळीत, चमकदार थर बसतो ती चिकणमाती. तीन थर पट्टीने मोजावेत. सगळ्यांत वरचा थर एकूण उंचीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त असेल तर माती भारी आहे हे नक्की. ही बरणी मुलांना जरूर दाखवावी. पायाखालची माती अशी तीन जातींची असते हे डोळ्यांनी पाहिले की ते विसरत नाहीत.

दुसरी चाचणी निचऱ्याची. फूटभर खोल आणि फूटभर रुंद खड्डा पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा आणि तासाभरात पाण्याची पातळी किती उतरते ते काठीवर खुणा करून मोजावे. एक ते तीन इंच उतरत असेल तर फुलझाडांसाठी ठीक. इंचापेक्षा कमी उतरत असेल तर शेवंतीच्या मुळांना पावसाळ्यात हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आपल्याकडे हेच होत असणार.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे गादीवाफा. तीन-चार फूट रुंद आणि जमिनीपासून वीस ते तीस सेंटिमीटर उंच वाफा करावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. भरताना तीच काळी माती घ्यावी आणि तीन घमेल्यांना एक घमेले जाडसर, अर्धवट चाळलेले कंपोस्ट मिसळावे. भाताचे तूस मिळत असेल तर तेही थोडे घालावे. वाफा एकदा रिकामा असेल तेव्हा ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास मातीत गाडावा. त्याची मुळे भारी मातीत ज्या वाटा करतात त्या कुदळीने होत नाहीत.

आणि काळ्या मातीला हात लावायचा तो वाफशावरच, म्हणजे ओल बेताची असतानाच. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने टोचावा. गोळा मोकळा होऊन पडला तर वाफसा आला. अंगठ्याचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला तर अजून थांबावे. चिखलात एकदा खणलेल्या वाफ्यात जी ढेकळे होतात ती पुढे वर्षभर फुटत नाहीत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वाराशी दोनशे चौरस फुटांचा फुलांचा पट्टा आहे. त्यावर दोन ब्रास लाल माती पसरली. पहिल्या वर्षी झाडे छान आली, आता नवीन लावलेली महिन्याभरात मान टाकतात. पुन्हा माती मागवावी का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे आपल्या पट्ट्यावर फूटभर जाडीचा थर पडला. प्रश्न त्या फुटाच्या खाली काय आहे हा आहे. अशाच एका संस्थेत मी गेलो होतो, तिथे सळई सहा इंच आत गेली आणि अडली. खणून पाहिले तर गिलाव्याचे ढपले, फरशीचे तुकडे, वायरीची नळी आणि त्यांच्यावर पायाड उभे करताना दाबून टणक झालेला मुरूम, असा थर निघाला. वरून घातलेले पाणी लाल मातीतून उतरून त्या थरावर येऊन थांबत होते आणि मुळे त्या साचलेल्या पाण्यात उभी होती. पहिल्या वर्षी मुळे लहान होती म्हणून झाडे छान दिसली.

म्हणून नवी माती मागवण्याआधी दोन ठिकाणी दीड फूट खोल खड्डे करून पाहावे. गिलावा आणि सिमेंट यांच्यातील चुन्यामुळे सामू बराच चढतो. याची घरगुती परीक्षा म्हणजे कोरड्या मातीच्या चिमटीवर स्वयंपाकघरातले व्हिनेगर टाकणे. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे, आणि कान जवळ नेला तर तो आवाज ऐकूही येतो. राडारोडा निघाल्यास लाल माती बाजूला काढून तो उचलावाच लागेल, त्याला पर्याय नाही. नंतर तळाचा मुरूम टिकावाने वीतभर सैल करावा आणि तीच लाल माती एक चतुर्थांश कंपोस्ट मिसळून परत भरावी. खालचे दोन-तीन इंच तळाच्या मातीत नीट कालवून मग वरचा भराव घालावा, कारण दोन वेगळ्या पोतांचे थर एकावर एक स्पष्ट राहिले की पाणी त्यांच्या सांध्यावर अडते.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ट्रकमधून येणारी लाल माती कुठल्या तरी डोंगराची वरची कातडी असते आणि तिचा एक इंच तयार व्हायला शेकडो वर्षे लागलेली असतात. ती आणल्यानंतर तीन वर्षांनी पुन्हा आणावी लागते आहे, तेव्हा आधी आणलेली माती वाचवण्याकडे संस्थेने लक्ष द्यावे. आवारातील झाडांचा पाला जाळण्याऐवजी त्याचे कंपोस्ट केले तर या पट्ट्याला लागणारे खत बहुतांशी तिथेच निघेल.

प्रश्न : आमची जांभ्याची माती असून अहवालात सामू ५.४ आला आहे. झेंडू फुलतो पण झाड बुटके राहते. चुना किती घालावा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पुण्याच्या पत्राला जे लिहिले त्यातले जवळजवळ काहीच आपल्याला लागू नाही. कोकणच्या मुसळधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम वर्षानुवर्षे धुऊन जातात आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. ती स्फुरदाला पकडून ठेवतात. आपल्याकडे लोह मुबलक असते आणि स्फुरद अडकतो. झेंडू खुरटा राहण्याचे कारण बहुधा तेच आहे.

कळीचा चुना वापरू नये, तो तीव्र असतो. दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट घ्यावे. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅमने सुरुवात करावी, लागवडीपूर्वी महिनाभर आधी वीतभर खोलीत मिसळावे आणि पुढचे प्रमाण सामू पुन्हा पाहून ठरवावे. चुना आणि शेणखत किंवा युरिया एकाच वेळी घालू नयेत, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. दोहोंत तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. चुलीची राखही चुन्याप्रमाणेच सामू चढवते, ती घालत असाल तर चुना त्या मानाने कमी करावा. स्फुरद देताना तो मातीभर न पसरता कुजलेल्या खतात मिसळून रोपाच्या मुळाशी द्यावा.

संपूर्ण बागेत मात्र चुना घालू नये. अनंत आणि एक्झोरा यांना आम्लधर्मी मातीच मानवते. पुणे-नगरकडे हीच झाडे पिवळी पडतात आणि लोक त्यांच्यावर हिराकस फवारत बसतात. आपल्या अंगणात ती काही न करता येतील.

प्रश्न : चहाचा चोथा, अंड्यांची टरफले आणि आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी फुलझाडांना घालावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चहाचा चोथा साखर आणि दूध निघून जाईपर्यंत धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाकावा, थेट कुंडीत थापू नये, त्याची साय धरते आणि पाणी आत जात नाही. अंड्यांची टरफले म्हणजे चुनखडीच, आपल्याकडच्या मातीला तिची गरज नाही.

आरओचे टाकाऊ पाणी नियमित घालू नये. मूळ पाण्यातील क्षार त्यात एकवटलेले असतात. मातीवर पांढरी खपली दिसू लागली आणि पानांच्या कडा करपू लागल्या तर क्षार साठले असे समजावे. अशा वाफ्याला गोड पाणी एकदा भरपूर देऊन क्षार मुळांच्या खाली उतरवावे लागतात, आणि त्यासाठी निचरा चांगला हवा. विद्युत वाहकता १ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेपर्यंत काळजी नाही. तिच्या वर गेल्यास शेवंती, गुलाब यांना त्रास होतो. हे पाणी फरशी पुसायला वापरावे.

प्रश्न : मातीत खुपसायचे सामू-मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळते. त्यावर विसंबावे का, आणि प्रयोगशाळेची तपासणी किती वर्षांनी करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॅटरीशिवाय चालणारी ही स्वस्त मीटरे मातीच्या ओलाव्याप्रमाणे वेगवेगळे आकडे दाखवतात. सामूमधील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो, त्यामुळे अंदाजाने दाखवलेल्या आकड्यावर चुना किंवा गंधक घालणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा सामूच्या कागदी पट्ट्या बऱ्या. एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर काचेच्या पेल्यात अर्धा तास अधूनमधून ढवळावे, माती खाली बसू द्यावी आणि वरच्या निवळीत पट्टी बुडवावी. नळाचे पाणी वापरले तर त्या पाण्याचा सामूही मिसळतो, म्हणून ते चालत नाही.

प्रयोगशाळेची तपासणी दर दोन-तीन वर्षांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच ऋतूत करावी. सर्व अहवाल एका वहीत चिकटवून ठेवावेत आणि दोन अहवालांच्या मधल्या पानांवर त्या काळात कोणत्या वाफ्यात किती घमेली खत पडले, काय लावले आणि कशी फुले आली ते तारखेसह लिहावे. तिसरा अहवाल येईल तेव्हा सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी पाहावा, तो, समजा, ०.३८ वरून ०.५० पर्यंत सरकलेला दिसला, तर खताची मात्रा तशीच चालू ठेवावी.